उसन्या फेट्यात विम्याला गेलो

आमच्या मंडळीनं आन् मी जोडीनं केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे विम्याच्या कचेरीत जाऊन अब्रू घालवली. म्हंजे घालवली मी, तिनं साक्ष दिली. पुढं महिनाभरात ताप येऊन ती गेली. तो भाग मी लिहिणार न्हाई. ह्यो भाग लिहितो, कारण ती असती तर तिनंच गावभर सांगितला असता, आन् दर खेपेला माझी जादा फजिती केली असती.

वरीस दुष्काळाचं हुतं. विहिरीतलं बेडूक सुद्धा गाव सोडून गेल्तं. आमचा सुदाम नागापूरला कारखान्यात लागला हुता. त्याच्या पगारावर आमी दोघं रेशनवरची ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, खात हुतो. (त्या मिलोची भाकरी भिंतीवर मारली तर भिंत पडंल!) त्यात हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेळीला "या, बसा" म्हणायची आन् आलेल्या पाव्हण्याला "हाड!"

सुदाम सुट्टीला आला तवा म्हणाला, "आबा, आमाला कामगारांचा सरकारी विमा लागू झालाय. त्यात आई-बापाचं नाव घातलं की त्यांचा बी इलाज फुकट, आईचं डोळं बी हुत्याल. पैसं माझ्या पगारातनं कापत्यात, तुमाला काई भरावं लागत न्हाई."

"आन् सरकारी दवाखान्यात गेलं तर?"

"तिथं केसपेपर काढा. फुकट पायजे तर तलाठ्याकडनं गरिबीचा दाखला आना."

"गरिबीचा दाखला? मी?" मी उठूनच उभा राहिलो.

"म्हनून तर म्हंतो, विम्याचं बघा. अट एकच. आई-बाप पोराच्या कमाईवर जगत असलं पायजेत. सायेब इचारील, तेवढं व्हय म्हना."

तेवढं 'व्हय' म्हणायचं हुतं. आमच्या बैलाला बी जमलं असतं!

पन कचेरीत फाटका मानूस गेला की बाकड्यावर वाळत पडतो, ह्ये मला ठावं. म्हनून पाटलाचा फेटा मागून आनला, शाळेच्या मास्तरचा कोट आनला, हिला शेजारनीची नथ घातली.

"अवं, डोळं दाखवायचं हायती का पुन्यांदा लगीन लावायचंय?"

"गप बस. सरकारदरबारी रुबाब लागतो."

रुबाब लागला! कारकून उठून उभाच राहिला. "या, बागायतदार!" म्हनत त्यानं खुर्ची पुढं केली. आन् तिथंच घात झाला. कुनी खुर्ची दिली की माझी जीभ मोकळी सुटती.

"तुमचा चरितार्थ मुलाच्या पगारावर चालतो ना?" कारकुनानं इचारलं.

मागं बाकड्यावर सात-आठ लोक बसलेलं. सगळ्यांची नजर माझ्या फेट्यावर. त्यांच्यादेखत म्या कसं व्हय म्हनावं?

"कुनाच्या? त्या सुदामाच्या? सायेब, त्येला मी पोसतो!"

हिनं कोपर मारलं. मला वाटलं, शाबासकी देतीया.

"दर महिन्याला ज्वारीचं पोतं धाडतो त्येला!"

दुसरं कोपर.

"दोन पोती!"

कारकुनानं कागदावर आडवी रेघ मारली. "मग तुम्ही विम्यात बसत नाही, बागायतदार."

"मंग माझं एकटीचं नाव घाला," ही म्हनाली.

"बाई, तुमचे मालक अख्ख्या मुलाला पोसतात, तर तुम्हालाही पोसतच असतील. मग तुम्ही मुलावर अवलंबून कशा?"

मग मात्र तिचा तोल गेला. "ह्ये पोसत्यात? सायेब, फेटा पाटलाचा हाय! कोट मास्तरचा! नथ शेजारनीची! धोतर तेवढं यांचं सोताचं, आन् ते बी बघा!" असं म्हनून तिनं मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं.

अख्ख्या कचेरीनं बघितलं. (तिला शेळी दिसत न्हवती, पन माझ्या धोतराचं भोक बरोबर दिसलं!)

कारकून रुमालात तोंड खुपसून म्हनाला, "आधी दोघं मिळून एक काय ते ठरवा. मी मालकांचं म्हणणं लिहिलंय. खोडायचं तर त्यांनीच येऊन खोडावं."

घरी येताना ही म्हनाली, "तुमच्या ताठ्यापायी मी आंधळी व्हनार. व्हईन की. पन मला एक सांगा, मी आंधळी झाल्यावर तुमचा रुबाब बघनार कोन?"

घरी पोचताच मी पाटलाचा फेटा परत देऊन आलो. 

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला एकलाच निघालो. आता उलटं सोंग! फाटकी बंडी, डोक्याला चिंधी, पाय अनवानी. कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. एक भला मानूस आला, थांबला, माझ्या हातावर दहा पैसं ठेवून गेला. येरवी त्याच्या डोक्यात घातलं असतं. पन काम माझं हुतं. बंडीचा खिसा फाटका, म्हनून मूठ मिटून गप बसलो.

कारकून आला. "बाबा, इथं मागायला बसू नका."

"सायेब, मी कालचा बागायतदार."

त्यानं मला खालून वर, परत वरून खाली बघितलं. मग आत नेऊन कागद काढला. खुर्ची काई दिली न्हाई.

"मुलाच्या पगारावर जगता?"

"व्हय."

"मोठ्यानं बोला."

बाकड्यावर निम्मी मानसं कालचीच!

"व्हय! पोराच्या जिवावर खातो! दोघं बी खातो! हिचं नाव आधी घाला!"

त्यानं हिचं नाव घातलं, मग माझं. माझ्या उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. आन् कागद पुढं सारला. "करा सही."

सही करायला मूठ उघडली. त्या 'काही नाही' वर दहा पैसं टणकन् पडलं!

कारकून बघतोय नाण्याकडं, मी बघतोय छताकडं. वरीसभर घरात रिकामा बसलो हुतो, आन् कमाई न्हाई असं लिहून द्यायच्या दिवशीच मला रोजगार लागला!