मामा कोण उभे होते?

आमच्या बाई साडीवर स्पोर्ट्‌स शूज घालायच्या, आणि त्या खळखळून हसल्या की बाहेरच्या बाकांवर भोकाड पसरलेली पोरंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. परळच्या ज्या हॉस्पिटलात मी रिसर्च असिस्टंट म्हणून लागले, तिथल्या लहान मुलांच्या आनुवंशिक आजारांच्या विभागाच्या त्या प्रमुख. बाकीच्या डॉक्टर 'मॅडम', ह्या मात्र झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या 'बाई'. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या, त्यामुळे आवाजाला माईकची गरज कधी पडली नाही.

माझं काम म्हणजे रक्ताचे नमुने बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये पोचवायचे, पालकांच्या संमतीच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत्येक मुलाचा वंशवृक्ष काढायचा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. माझा पहिलाच वंशवृक्ष बघून बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ह्या घरात कुणी मेलंच नाही? अमरपट्टा घेऊन आलेत की काय सगळे?"

"मी विचारलं होतं, घरात कुणाला असा आजार होता का म्हणून. ते नाही म्हणाले."

"नाहीच म्हणणार! लग्नाच्या मुली असतात घरात, कोण कबूल करेल? आणि लपवायचं नसलं तरी आठवत नाही गं. तू लग्नाचं विचार. लग्नाचं काढलं की माणूस सुटतो. कोण आलं, कोण रुसलं, कोण आलंच नाही. आणि मुलीचे मामा कोण उभे होते, ते विसरायचं नाही." मग मला न्याहाळत म्हणाल्या, "तुझ्या लग्नात कोण उभं राहणार?"

"आईला भाऊच नाही, बाई."

"झालं! म्हणजे तुझी पंचाईतच," म्हणून पुन्हा तेच हसू.

मला आधी ही सगळी थट्टाच वाटली. आत एवढी महागडी मशिनं आणि बाहेर आम्ही लग्नाच्या पंगतीच्या गप्पा मारत बसायचं! बरं, बाईंना उलट बोलायची माझी काय बिशाद.

मग लालबागचा सोहम आला. दोन वर्षांचंही नसेल पोर, पण सारखा न्यूमोनिया. एकदा बरा होऊन घरी जायचा, की पुन्हा दाखल. ह्या खेपेला तर औषधही लागू पडेना. मुळात हे का होतंय तेच कळत नव्हतं, आणि लवकर कळलं नसतं तर पोर हाती लागलं नसतं. त्याची आई रूपाली पाण्याचा घोटही घेत नव्हती. तिची आई, म्हणजे सोहमची आजी, बाकावर जप करत बसलेली.

घरात असा आजार? छे, कुणालाच नाही. मग मी आजींना रूपालीच्या लग्नाचं विचारलं. आजी हळूहळू खुलल्या. श्रीखंड कसं कमी पडलं, विहीणबाई कशा फुगून बसल्या, सगळं आलं. मी विचारलं, "आणि मामा कोण उभे होते?"

"माझा चुलतभाऊ."

"सख्खे नव्हते आले?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "सख्खा लहानपणीच गेला गं. सारखा ताप, सारखा खोकला. ह्याच्यासारखाच."

रूपाली बघतच राहिली. "आई, तुला भाऊ होता?"

मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. आजीच्या माहेरचा मुलगा असाच गेला, एवढं कळल्यावर कुठली तपासणी करायची ते त्यांना लगेच समजलं. जंतूंशी लढणारी द्रव्यं शरीरात तयारच होत नाहीत, असा तो आजार. बायकांकडून पुढे जातो, त्यांना स्वतःला काही होत नाही, भोगतात ते मुलगे. पण उपाय होता. ती द्रव्यं दर महिन्याला बाहेरून, सलाइनसारखी द्यायची. सोहमचा ताप उतरला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर बाईंचा चष्मा ओढला.

आजी मात्र रडायला लागल्या. "म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हे?"

बाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "आजी, हे माझं नाक बघा. आईकडून आलंय. तिने काय बाजारात जाऊन निवडलं होतं? उगाच स्वतःला बोल लावू नका. आणि तुमच्या भावाला भाचीच्या लग्नात उभं राहता आलं नाही ना? आज नातवासाठी उभा राहिला तो." आजी रडता रडता हसल्या. मी बर्फाचा डबा उचलून तिथून पळाले, नाहीतर मीही तिथेच सुरू झाले असते.

माझं लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं. गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आई-बाबा एकमेकांकडे बघायला लागले. घोळ असा, की ज्या काकांना सांगून ठेवलं होतं, ते कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकलेले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तो आवाज आला. "मी आहे मामा!"

"अहो बाई, मामा लागतो," गुरुजी चाचरले.

"मंगलाष्टकं सुरू करा हो, मुहूर्त टळेल!"

शूज काढून बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्यांचे अनवाणी पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. माझ्या आगाऊ बहिणींनी नवऱ्याच्या बुटांबरोबर ते शूजही लपवले, आणि बाईंनी ते सोडवून घेताना जी घासाघीस केली, ती आमच्याकडे अजून सांगतात.

बाई गेल्या वर्षी गेल्या. सोहम आला होता, आईच्या खांद्याला लागलाय आता.

नव्या मुलींना हल्ली मी शिकवते. फळ्यावर माझाच वंशवृक्ष काढते आणि आईच्या शेजारी, भावाच्या जागी, एक गोल काढते. पोरी लगेच ओरडतात, "ताई, चुकलात, मामाला चौकोन!" मी म्हणते, "आमच्याकडे गोलच आहे." परवा त्यातल्या एकीने विचारलं, हे मामा असतात कुठे? त्या गोलावर तिरपी रेघ मारायला मी खडू उचलला, आणि तसाच खाली ठेवला.