टाकीतला भंडारा

त्या दुष्काळात माजलगावकडच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात सगळ्यात जास्त लाड जंतूंचे चालले होते. आम्ही टँकरचं गढूळ पाणी प्यायचो. त्यांना त्यांच्या मोठ्या टाकीत गाळून, कोमट करून मिळायचं. ऊसच नव्हता, म्हणून चेअरमननी नवं खूळ काढलं होतं. हे जंतू एक एन्झाइम सोडतात, त्यानं उसाच्या पाचटाची साखर होते आणि त्या साखरेचं इंधन. मी प्रयोगशाळेत, म्हणजे जंतूंची दाई.

गेल्या हंगामातल्या पाचटाच्या गंजीपाशी रोज एक गुराखी यायचा. नाव कधी विचारलं नाही. कपाळ पिवळं, खांद्यावर घोंगडी, कमरेला खंडोबाच्या भंडाऱ्याची पिशवी. वॉचमनची पाठ फिरली की म्हशींसाठी पेंढी उचलायचा. पकडलं की आधी रामराम घालायचा.

"टाकीत काय हाय, सायेब?"

"जिवंत जंतू. पाचट खातात."

"म्हंजी माझ्या म्हशींवानी जितराबच की!" त्यानं टाकीला हात जोडले.

टाकीच्या उद्घाटनाला झाकण उघडं ठेवून चेअरमन भाषणात रंगले होते. हा गुराखी गर्दीतून घुसला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत त्यानं भंडाऱ्याची अख्खी पिशवी टाकीत रिकामी केली. चेअरमननी टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही.

दुसऱ्या दिवशी हळदीनं जंतू खलास.

"मारलेस ना रे सगळे!" मी गुराख्यावर खेकसलो.

तो आत डोकावला आणि खरंच हळहळला. मग त्यानं पेंढी डोक्यावर घेतली. वॉचमननंही अडवलं नाही; पाचट खाणारं आता दुसरं उरलं होतं कोण?

"लई नाजूक जितराब पाळलं तुमी, सायेब," तो म्हणाला. "दुष्काळात असलं पाळू न्हाई."