मांजरासाठी बटण

ऐंशीच्या दशकात माझ्या मावसभावाने कुठूनसा एक छोटा फिल्मचा कॅमेरा मिळवला आणि तो लोकांची ‘व्यक्तिचित्रं’ घेत हिंडू लागला. माणसाला खुर्चीत बसवायचं, कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि रीळ संपेपर्यंत चालू द्यायचा. तीन मिनिटं, आवाजाशिवाय. शांततेबद्दल तो इतकं बोलायचा, की त्याच्याजवळ ती मिळणं कठीण. फिल्म वाया घालवायची ही नवी पद्धत असावी, असा मला दाट संशय होता.

आईचा संशय वेगळा होता. नव्या इमारतींसाठी टँकर समुद्राकाठच्या आमच्या भुईगावातलं पाणी उपसून नेऊ लागले होते. शेजारच्या वाडीतली विहीर त्या उपशानेच खारी झाली. ‘आपल्या विहिरीला टँकरचा पाइप लागणार नाही,’ असं वडील आईला सांगत. जरा जास्तच वेळा सांगत.

भावाने वडिलांना पानवेलीपुढे बसवलं.

“काका, काही करू नका.”

“काही करायचं नाही, तर चित्र कसलं?”

“बसा हो,” आई आतून म्हणाली. “तेवढं जमतं तुम्हाला.”

उजेडासाठी पांढरी चादर धरून मी फाटकाकडे पाठ करून उभा होतो.

महिन्याभराने भाऊ प्रोजेक्टर घेऊन आला. भर दुपारी खिडक्यांवर गोधड्या टाकल्या आणि भिंतीवर वडील उमटले. नुसता चेहरा. मला जांभई आली. मग त्यांची नजर हळूच फाटकाकडे सरकली, हात गळ्याशी गेला आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“पुन्हा लाव रे,” आई म्हणाली.

दुसऱ्यांदाही बटण लागलं.

“हेच ते, मावशी!” भावाचा चेहरा उजळला. “काही घडत नाही, तरी...”

“तू गप्प बस. अहो, कोण आलं होतं तेव्हा?”

“कोण येणार? मांजर असेल.”

“मांजरासाठी बटण लावता?”

भावाने प्रोजेक्टर बंद केला.

“टँकरवाला,” वडील म्हणाले. “नुसतं बोलणं झालंय गं. आता उद्यापासून येतो म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा फाटकाच्या मधोमध त्याच खुर्चीत आई बसली होती. हात मांडीवर, नजर समोर. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग उतरून “काकी, जरा बाजूला” म्हणून पाहिलं. ती बोलली नाही, हलली नाही. त्याने एकदा वडिलांकडे बघितलं. वडील शर्टाच्या बटणाशी चाळा करत ओटीवर उभे होते.

तीन मिनिटांच्या आत त्याने टँकर मागे घेतला.