खुंटीवरचा दांडा

देवाशी माझं भांडण होतं. वडील गेले तेव्हापासून कोरगावच्या घरात मी देवापुढे साधी वातही लावली नव्हती. माझं काम शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवण्याचं. डॉक्टर हृदय थांबवतात तेव्हा माणसाचं रक्त मी फिरतं ठेवतो. अठरा वर्षांत यंत्राने कधी दगा दिला नव्हता आणि, खरं सांगतो, त्याची मला घमेंड चढली होती. त्या दिवशी नार्व्याच्या एका शेतकऱ्याच्या बायकोची शस्त्रक्रिया होती. शस्त्रक्रियागृहाच्या दारातच त्याने माझा हात धरला. "सायबानू, देवान उजवो कौल दिल्यान. उजव्या अंगाची पाकळी पडली." देवाला लावलेल्या फुलांतली उजवीकडची पाकळी पडली की तो देवाचा होकार, असं आमच्याकडे मानतात. मी फटकन म्हणालो, "पाकळीने रक्त फिरत नाही, बाबा." त्याचा चेहरा उतरला, पण हात काही त्याने सोडला नाही.

आत साफसफाई करणारी बेळगावकडची मावशी लादी पुसत होती. "सायेब, तुमचा देव काल शेजारच्या खोलीत ऱ्हायला हुता. पुसून जाग्यावर ठेवलाय बघा." कसला देव, हे मी विचारलंही नाही. "यंत्राला हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं?" म्हणून खेकसलो. आधीच उशीर झाला होता. त्या घाईत रोजची तपासणी मी अर्धवट उरकली. चूक माझीच.

हृदय थांबवून तासभर झाला असेल, आणि पंपाची मोटर बंद पडली. रक्त जागच्या जागी थांबलं. अशा वेळी पंप हाताने फिरवायला एक दांडा असतो, यंत्राच्या बाजूला खुंटीवर टांगलेला. सवयीने हात तिकडे गेला. दांडा होता! तो बसवला आणि फिरवू लागलो. खांदा भरून आला, घाम डोळ्यांत उतरला, आणि इतक्या वर्षांनी तोंडून आपसूक निघालं, "देवा, सांभाळ रे!" सहकाऱ्याने दुसरा पंप जोडेपर्यंत हात थांबला नाही. दुपारी तिचं हृदय पुन्हा आपलं आपण चालू लागलं, अगदी ठणठणीत. सगळी खोली आनंदाने ओरडली, आणि सगळ्यात मोठ्याने मी.

बाहेर आलो आणि त्या शेतकऱ्याला मिठी मारली. "कौल उजवाच होता हो," मी म्हणालो. तो ढसाढसा रडला, मीही.

मग डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशी देखभालीला आलेला माणूस दांडा शेजारच्या खोलीत विसरला होता. तो जागेवर आहे ना, हे पाहायला मी रोज सकाळी त्याला हात लावतो. मावशीला वाटायचं, साहेब नमस्कार करतात. मी जाऊन तिच्या पाया पडलो. "अगं बया, ह्ये काय करताय!" ती मागे सरली. मी म्हटलं, "मावशी, तो देव नव्हे, साधा दांडा आहे." ती हसली. "आसंल. पर आज कामाला आला न्हवं?"

वडील का गेले, हे मला अजून कळलेलं नाही. पण आता मी देवाकडे त्याचा हिशेब मागत नाही. त्या संध्याकाळी घरी वात लावली. आणि आता रोज सकाळी तपासणी पुरी झाली की दांड्यापुढे खरोखरच हात जोडतो. मावशी फडकं खाली ठेवते आणि माझ्या शेजारी उभी राहून तीही जोडते.