कंडक्टरला तिकीट कोण विचारणार

धर्मपाल गवई एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, पण घंटीची दोरी काही त्याच्या हातून सुटली नाही. अकोल्यात घरी बसून तो आता गावकोश सांभाळतो. गावकोश म्हणजे इंटरनेटवरचा एक फुकटचा ज्ञानकोश, गावोगावची माहिती त्या त्या गावच्या लोकांनीच लिहावी असा. उद्देश थोर. आणि थोर उद्देशाला शोभेल असा एक खुळेपणाही त्यात होता: कुणीही यावं, नावगाव न सांगता लिहावं. नाव न सांगणाऱ्याच्या जागी नुसता एक लांबलचक आकडा दिसे, तो ज्या इंटरनेट जोडणीवरून आला तिचा पत्ता.

आता आपल्याकडचा माणूस नावाशिवाय काय करतो हे वेगळं सांगायला पाहिजे का? ग्रामसभेत जो मागच्या भिंतीला टेकून नखं खात बसतो, त्याला तोंड झाकायला फडकं मिळालं की त्याचा वाघ होतो. अंजनगाव सुर्जीच्या पानावर एकानं लिहून ठेवलं, 'येथील सर्व लोक बैताड आहेत.' चांदूर बाजारच्या पानावरचा आख्खा बाजार पुसून दुसऱ्यानं तिथे कुण्या भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा दिल्या. चौकातले खांब कमी पडले म्हणून आता ज्ञानकोशात फ्लेक्स! तिसऱ्या एका दिवट्यानं आपल्या खेड्याची लोकसंख्या तालुक्याहून जास्त करून टाकली. त्यात त्याचा काय फायदा होता ते त्यालाच ठाऊक.

धर्मपालला या लोकांचा राग येत नसे. राग यायला समोरचा थोडा तरी माणसात असावा लागतो. त्याला त्यांची नुसती कीव यायची, आणि तीही फार नाही. गाडीत दारुडा चढला की नवखा कंडक्टर त्याच्याशी भांडत बसतो. दारुड्याला तेच हवं असतं, आख्खी गाडी त्याचा तमाशा बघते. धर्मपालनं नोकरीत कधी भांडण केलं नाही. घंटी मारायची, गाडी बाजूला, दार उघडं, उतर. गावकोशावरही त्यानं हेच चालवलं. खोडी दिसली की पुसायची, पान होतं तसं करायचं आणि खाली एकच ठरलेला शेरा टाकायचा: 'पुरावा नाही. विनातिकीट प्रवास. खाली उतरा. – धर्मपाल गवई, अकोला.' तोच आकडा पुन्हा पुन्हा आला तर त्याच्यावर बंदी. ना वाद, ना उपदेश.

अमरावतीच्या प्रणाली मोहोड, शाळेत शिकवणाऱ्या, ही राखण त्याच्याकडूनच शिकल्या. शेराही त्याचाच वापरायच्या, फक्त खाली नाव आपलं घालायच्या. आपलं वाक्य एक मास्तरीण वापरते म्हटल्यावर धर्मपालची मान आणखी ताठ झाली.

बाळापूरच्या पुढे निंबखेड म्हणून गाव आहे. ते त्याच्या बायकोचं, शालूचं माहेर. त्या गावचं पान धर्मपालनं स्वतः लिहिलं होतं. बौद्ध वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, म्हणून वस्तीनं बहात्तरच्या दुष्काळात आपली विहीर खोदली, हे त्यात होतं. 'ही विहीर देवमन तायडे यांच्या पुढाकाराने खोदली गेली,' असंही होतं. देवमन तायडे म्हणजे त्याचे सासरे.

शालूनं ते पान मोबाइलवर वाचलं आणि म्हणाली, "तिथं माह्या मायचं नाव टाका न. कौतिकाबाई. विहीर तर तिनं खांदली."

धर्मपालनं मान वर केली नाही. "पुरावा हाये का? कुठी छापलं हाये? अशानं कोनीबी येईन अन् आपल्या मायचं नाव टाकून जाईन."

शालू पापड वाळत घालायला गच्चीवर गेली.

दोनच दिवसांनी निंबखेडच्या पानावर एका बेनाम आकड्यानं ओळ घातली: 'विहीर कौतिकाबाईनं बायकांना घेऊन खांदली.'

आता हे कुणाचं काम असेल? गोठ्यातल्या म्हशीनंही सांगितलं असतं. पण तीस वर्षं लोकांचे चेहरे ओळखून तिकीट मागणाऱ्या या माणसाला फक्त आकडा दिसला. त्यानं ठरवून टाकलं की बायकोनं फोनवर रडगाणं गायलं आणि तिचा भाऊ धम्मदीप निंबखेडात बसून हे उद्योग करतो आहे. सासरच्या लोकांना फुकटचं नाव पाहिजे, दुसरं काय! त्यानं ओळ पुसली, शेरा टाकला. ओळ परत आली. परत पुसली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं त्या आकड्यावर बंदी घातली आणि चहा मागितला. चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

चहा पिऊन तो दुसऱ्या एका गावचं पान दुरुस्त करायला बसला, तर समोर पाटी आली: 'या पत्त्यावरून लिहिण्यास बंदी आहे. पुरावा नाही. विनातिकीट प्रवास. खाली उतरा. – धर्मपाल गवई, अकोला.'

आधी त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. मग त्यानं घरचं वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून पाहिलं. लिहिता आलं. वायफाय सुरू केलं, पुन्हा बंदी. घरात वायफाय एकच आणि माणसं दोनच. एवढं झाल्यावर उजेड पडला.

"शालू, हे तू लिवून राह्यली होती?"

"मंग कोन लिवन? तुमी तर लिवून नाई राह्यले."

"अवं, पन मले सांगाचं नाई का?"

"सांगतलं न. तुमी पुरावा मांगतला."

"नेमच हाये तसा. सगळ्याईले सारखा."

"असं? मंग माह्या बापाचं नाव टाकलं तवा कोनता पुरावा होता?"

धर्मपालकडे पुरावा होता, पण तो असा: लग्न ठरल्यावर देवमन तायड्यांनी होणाऱ्या जावयाला विहिरीवर नेलं, छाती पुढे काढून स्वतःच सगळं सांगितलं आणि जावयानं पाणी पिऊन मान हलवली. एवढाच.

"विहीर खांदली तवा माहा बाप अकोल्याले कापसाच्या जिनिंगमधी कामाले होता," शालू म्हणाली. "माती मायनं उपसली, अन् वस्तीतल्या बायाईनं. मी काठावर बसून धम्मदीपले सांभायत होती. पानी लागलं तवा बाप आला. पयली बादली त्यानं काढली, अन् विहीर त्याची झाली. तुमी जनमभर लोकायचं तिकीट पाह्यलं. कंडक्टरले तिकीट कोन इचारते?"

धर्मपालला लाज वाटली. ज्यांना तुच्छ लेखण्यात त्यानं इतके दिवस मजेत काढले होते, त्या बेनाम लोकांपेक्षा आपण काय वेगळं केलं, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. त्यानं बंदी उठवली, शालूच्या नावानं खातं उघडून दिलं आणि बाजूला सरकून बसला.

शालूनं लिहिलं: 'बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर कौतिकाबाई तायडे आणि वस्तीतल्या बायकांनी खोदली. पाणी लागल्यावर पहिली बादली देवमन तायडे यांनी काढली.' खाली पुराव्याच्या चौकटीत तिनं लिहिलं, 'मी तिथं होती. शालू गवई.'

संध्याकाळपर्यंत ते गेलं होतं. देवमन तायड्यांचा पुढाकार जागच्या जागी परत आला होता आणि खाली शेरा होता: 'पुरावा नाही. विनातिकीट प्रवास. खाली उतरा. – प्रणाली मोहोड, अमरावती.'

धर्मपालनं शालूची ओळ परत टाकली. ती परत पुसली गेली. त्यानं पुन्हा टाकली, तेव्हा प्रणालीताईंचाच फोन आला.

"सर, तुमच्या खात्यातून कोणी दुसरं लिहून राहिलं का? नाही, मी घाबरली. असंच चाललं तर मले तुमच्यावर बंदी टाकावी लागन."

"ताई, मीच टाकली ते ओळ. खरी हाये."

"खरी असन सर. पण पुरावा?"

धर्मपालनं बाईंना बहात्तरचा दुष्काळ सांगितला, वस्तीतल्या बाया सांगितल्या, काठावरची पोरगी सांगितली. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या. मग अदबीनं म्हणाल्या, "सर, वाद घालायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं," आणि त्यांनी फोन ठेवला.

मोबाइलच्या पडद्यावर धर्मपालच्याच नावावर बंदीची पाटी आली. शालू मागे उभी राहून सगळं ऐकत होती.

"चला," ती म्हणाली, "उतरा आता माह्यासंगं."