सासूबाईंच्या बोटांच्या मापाने

पडद्यावरच्या रेघा हिरव्या झाल्या आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वाडीत सुपाऱ्या गोळा करणारा माझा नवरा धावत आला.

"काय झालं? साप?"

"साप नाही हो, वर्तुळ! माझं वर्तुळ पक्कं बसलं!"

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "नारळ खवायला कॉम्प्युटर! धन्य आहेस." आणि गेला परत.

म्हणेना का! प्रश्न नारळ खवायचाच होता. शिमग्यानंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू चालू लागल्या, बोलू लागल्या, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. आमच्या चौलच्या घरात नारळ फोडल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून विळीवर त्याच बसायच्या. अर्ध्या नारळाची कवड दोन्ही हातांत धरून खवणीच्या दात्यांवर फिरवायची, तर ती आता निसटायची. एकदा दाते मनगटाला लागून रक्त आलं. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात यायच्याच थांबल्या. उजवा हात पदराखाली घेऊन ओटीवर बसून राहायच्या.

आणि मला बोलायच्याही थांबल्या. म्हणजे 'पाणी दे', 'गोळी दे' एवढं चालू होतं, पण ते काय बोलणं झालं? 'भाताचा गिचका केलास', 'करवंटीपर्यंत खवलंस, खोबऱ्यात काळं आलं', हे त्यांचं बोलणं. इतकी वर्षं त्याने माझं डोकं उठायचं. आता मी मुद्दाम काळं येईपर्यंत खवलं तरी बाई मुकाट जेवायच्या. मला ते बघवेना. यंदाच्या नारळी पौर्णिमेचा नारळीभात त्यांच्याच हातचा व्हायला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. मी एकदा ठरवलं की घरातल्यांची धडगत नसते.

अलिबागला एका पोरीने थ्रीडी प्रिंटरचं दुकान काढलंय. बंगलेवाल्यांच्या नावाच्या पाट्या, गणपतीची मखरं असलं काय काय करते. तिचं मशीन प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर घालत होतं, कढईत जिलबी घालावी तसं. मी तिला विचारलं, "कवड घट्ट बसेल अशी वाटी आणि मागे पंजा सरकवायला पट्टा, म्हणजे बोटं मिटायला नकोत. छापशील?"

"काकी, आकार तुम्ही काढून आणा, मी छापते. सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळ्यांना खुलं."

झालं! लेकीचा जुना लॅपटॉप काढला, त्यावरची धूळ झटकली आणि दुपारची भांडी आवरली की व्हिडिओ लावून बसू लागले. पहिल्यांदा रेघ ओढली तर ती माऊसबरोबर कुठेही पळे. मग कळलं, तिला बंधनं घालायची. ही आडवी, ही उभी, ह्या दोघी सारख्या, ह्या दोघींत एवढं अंतर. सगळी बंधनं लागली की रेघ हिरवी होते आणि जागची हलत नाही. म्हटलं, हे तर सुनेसारखंच झालं! पण खरी गंमत पुढे होती. घातलेला आकडा बदलला की आकार आपणहून बदलतो, पुन्हा काढावा लागत नाही. अहाहा! मी तो आकडा उगाच खालीवर करत बसले. चहा गार झाला तरी भान नाही.

फजितीही झालीच. मी जागोजागी वेगवेगळे आकडे भरले होते. वाटी मोठी केली तर ती एकीकडे गेली आणि पट्टा हवेत लोंबत राहिला. चिडून लॅपटॉप आपटणारच होते. मग एका व्हिडिओत पाहिलं, आकड्यांचा एक तक्ता करायचा, आकड्याला नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नावच वापरायचं.

नाव काय द्यायचं? सासूबाईंना मापं विचारायला ओटीवर गेले. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "वाटी तीन बोटं खोल. पट्टा दोन बोटं रुंद. पंजा शिरायला पाच बोटं जागा." आमच्या घरात सगळंच बोटांनी मोजतात. मी तक्त्यात लिहिलं, 'बोट'. पट्टी घेऊन माझं बोट मोजलं, भरलं सोळा मिलिमीटर. खोली तीन बोट, रुंदी दोन बोट. वाटी तयार! अलिबागला जाऊन छापून आणली, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आणि वाजतगाजत ओटीवर नेली.

त्यांचा पंजा पट्ट्यात शिरेना. त्यांनी डाव्या हाताने ओढून पाहिलं, बोटांच्या पेरांशीच अडकला. हात पुन्हा पदराखाली गेला. "राहू दे गो. न्हाय व्हायचं आता."

मी वाटी उचलून माझ्याच हातात चढवून पाहिली. माझ्या हाताला तर ती वाटी छान बसत होती. छान बसत होती... आणि एकदम ट्यूब पेटली.

"आई, बोटं कुणाची सांगितलीत?"

"कुणाची म्हंजे? माझी!"

काय म्हणावं माझ्या अकलेला! भातावर एक पेर पाणी, असं त्यांनी शिकवलं. ते पाणी कायम माझ्याच बोटाने मोजलं, आणि भात काही कच्चा राहिला नाही. मग बोट कुणाचं, हा प्रश्न पडणार कसा?

"हात दाखवा." त्या देईनात. मग मीच तो पदराखालून ओढून काढला. गार, जड हात. पेरं सुजलेली, तळव्याला घट्टे. इतकी वर्षं ह्या हाताने मला वाढलं होतं, पण तो माझ्या हातात असा कधी आला नव्हता. मला भरून आलं. पट्टी लावली. वीस मिलिमीटर.

लॅपटॉप तिथेच ओटीवर आणला. त्यांच्यासमोर सोळा खोडून वीस लिहिलं आणि बटण दाबलं. अगं बाई! सगळंच्या सगळं एकदम फुगलं. वाटी खोल झाली, पट्टा रुंदावला, पंजाची जागा वाढली, आणि कुठे काही लोंबत नव्हतं, तुटलं नव्हतं. एक आकडा बदलला, बाकी सगळे त्याच्यामागोमाग आले. मी टाळ्या पिटत नाचले.

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. "परत कर."

परत केलं. सोळा, वीस, सोळा, वीस.

"तीस कर बघू." तीस केलं. घमेल्याएवढं ते धूड बघून त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. "ही काय भीमाची आई खवणार हाय?"

नारळी पौर्णिमेला सकाळी नवी वाटी हातात चढवून त्या विळीवर बसल्या. पहिल्यांदा कवड दात्यांवरून सरकली. मग डाव्या हाताचा आधार देऊन त्यांनी कवड फिरवली, आणि खर्र खर्र आवाज सुरू झाला. पांढरंशुभ्र खोबरं ताटात पडू लागलं. दुसरा नारळ मी शेजारच्या विळीवर खवत होते, पण लक्ष सगळं त्यांच्या हाताकडे.

कवड संपली. त्यांनी मान वळवून माझ्या ताटात पाहिलं.

"काळं आलंय त्यात. करवंटीबी खाणार हाय का? सर बाजूला, आण ती कवड हिकडं."

मी सरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"आनी रडतेस काय? गूळ चिर."