वाजवून बघणारा

ओमानमधल्या आमच्या सहम गावात टाइल बसवणारे पुष्कळ आहेत, पण आमच्या या रत्नागिरीकडच्या माणसाइतका खात्रीने बोलणारा दुसरा नाही. बोलायच्या आधी तो बोटाच्या पेराने वाजवून बघतो. भिंत, फरशी, एकदा तर माझ्या नव्या गाडीचं दारसुद्धा. मग निकाल देतो, "भरीव" नाहीतर "पोकळ". त्यावर अपील नाही.

यंदा त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हाताऱ्या वडिलांची व्हीलचेअर ढकलायला त्याला फ्रान्सला घेऊन गेला. तिथलं एक डोंगराएवढं जुनं गॉथिक कॅथेड्रल त्यांनी पाहिलं. परतल्यावर तो थेट आमच्या स्वयंपाकघरात आला.

"कसं होतं? उंच कमानी, रंगीत काचा?" मी विचारलं.

"लोक माना वर करून फोटो काढत होते. मी खांब वाजवले. सहा झाले, मग रखवालदार ओरडला. सगळे भरीव, साहेब! एवढ्या वर्षांनी कोण वाजवायला येणार होतं त्यांच्याकडे?"

मग त्याने ओट्यामागच्या दोन टाइल वाजवल्या. "ह्या पोकळ आहेत, मागे सिमेंट नीट भरलेलं नाही. मीच बसवल्या, तेव्हाच ठाऊक होतं मला."

"अहो, सहा वर्षांत हलल्या नाहीत. राहू द्या."

"छिन्नी आणलीय," तो म्हणाला आणि माझ्या बायकोने दिलेला चहा बाजूला ठेवून कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी, सिमेंट सुकल्यावर, त्याने स्वतः वाजवून पाहिलं नाही. माझा हात धरून टाइलपाशी नेला.

"वाजवा," म्हणाला.